वीतभर रुळांचे ठेसनमास्तर

परळला खोली बघायला गेलो तेव्हा आमचे होणारे घरमालक जमिनीवर पालथे पडले होते. अंगात पितळी बटणांचा काळा कोट, खाली धोतर, टोपी काढून शेजारी गवतात ठेवलेली आणि उजवा कान एका लोखंडी पट्टीला चिकटवलेला. फेफरं आलं असावं असं वाटून मी धावलो. त्यांनी पडल्या पडल्याच हात वर केला.

"तिथेच उभे राहा! लाईन ओलांडू नका. गाडी यायची आहे."

मी खाली पाहिलं. माझ्या वहाणांच्या पुढ्यात दोन बारके रूळ होते, एकमेकांपासून बरोबर वीतभर लांब. नारळीच्या बुंध्यांमधून वळसे घेत ते विहिरीकडे गेले होते. जरा वेळाने त्या बाजूने धापा टाकल्यासारखा आवाज आला आणि माझ्या गुडघ्याएवढं एक इंजिन, खरी वाफ सोडत, खऱ्या कोळशाचा धूर काढत माझ्यासमोरून गेलं. इंजिनामागच्या उघड्या डब्यावर एक दांडगी, सावळी बाई मांडी ठोकून बसली होती. एक हात इंजिनाच्या दांड्यावर आणि दुसरा मांडीवरच्या कोहळ्यावर. तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि गाडी न थांबवता म्हणाली, "सायेब, बिऱ्हाड आलंया वाटतं."

"फणसाखालचा बोल्ट ढिला आहे," घरमालक उठता उठता तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला ऐकू आलं?"

"नाही."

"येईल. सवयीने येतं."

प्लेगाच्या आधीची ही गोष्ट. मी तेव्हा तेविशीतला, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. गिरगावात एका नातलगाच्या माजघरात पथारी टाकून राहत होतो आणि लग्नाची बायको राजापूरकडे गावी होती. खोली मिळाली की तिला आणायची होती. तेव्हा घरमालक कोहळ्याला आगगाडीत बसवणारा निघाला तरी माझी काही तक्रार नव्हती. खोल्या चांगल्या होत्या, वारा होता, विहीर होती. अट एकच निघाली.

"वाडीतून बाहेर पडताना 'जातो' म्हणायचं. 'येतो' म्हटलेलं इथे चालणार नाही."

मला वाटलं, थट्टा करतायत. आपल्यात घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणतं का? लहानपणी चुकून म्हटलं तर आई तोंडावर हात ठेवायची. जाणारा तो, जो परत यायचा नसतो. पण त्यांच्या तोंडावर थट्टेची रेघ नव्हती. मी पडलो कारकून, पळवाट शोधणं अंगात मुरलेलं. म्हटलं, "आणि 'निघतो' म्हटलं तर?"

"'निघतो' म्हणजे निघालेला नाही. अजून उंबऱ्यात उभा आहे. अर्धा शब्द चालणार नाही. माणूस एक तर येतो, नाही तर जातो."

"बरं, जातो," म्हणून मी बाहेर पडलो, आणि वाटेत पहिलं देऊळ लागलं तिथे थांबून देवापुढे हळूच 'येतो' म्हणून घेतलं.

सारं परळ त्यांना मास्तर म्हणे. शाळामास्तर नव्हे, ठेसनमास्तर. घाटाखालच्या एका आडठेसनावर त्यांनी बरीच वर्षं काढली होती आणि पेन्शनीला अवकाश असतानाच नोकरी सोडून मामाच्या या वाडीत येऊन राहिले होते. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. नोकरी का सोडली असं कोणी विचारलं की म्हणत, "लाईन लांब होती. नजर पुरत नव्हती." नजर पुरेल एवढी लाईन त्यांनी मग वाडीत घातली. मी त्यांना सरळ सरळ चक्रम समजत होतो, आणि खोटं कशाला बोला, ते होतेच.

रेल्वेच्या कारखान्याचा भोंगा सकाळी झाला की ते खिशातलं घड्याळ काढत आणि "दीड मिनिट आधी" किंवा "पाऊण मिनिट उशिरा" असं जाहीर करत. चूक नेहमी भोंग्याची. त्याबद्दल त्यांनी कारखान्याच्या सायबाला इंग्रजीत पत्रं धाडली होती. उत्तर येत नसे, म्हणून पुढच्या पत्रात आधीच्या सगळ्या पत्रांचा दाखला देत. मी राहायला आलो तेव्हा पत्राचं पहिलं पान नुसतं दाखल्यांतच खर्ची पडत होतं. अक्षर चांगलं म्हणून ती पत्रं उतरून काढायचं काम पुढे माझ्या गळ्यात आलं.

लाईन स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून निघून वाडीभर फिरून विहिरीपर्यंत जाई. दोन टोकांना दोन ठेसनं. मध्ये फणसाखाली एक सांधा, एक गाडी बाजूला घेऊन दुसरीला वाट देता यावी म्हणून. गाडी एकच होती. हे त्यांच्या नजरेस आणून दिलं तर म्हणाले, "उद्या दुसरी झाली म्हणजे धावाधाव कोण करणार?" इंजिनाचे ओतीव भाग विलायतेहून आलेले, पण बॉयलर गिरगावातल्या एका तांबटाने ठोकून दिलेला. त्या बिचाऱ्याला आयुष्यात न्हाणीघरातला बंब सोडून काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे इंजिनाच्या पोटाला थेट बंबाचाच घाट आला होता. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, कोणाचा तरी बंब चाकं लावून पळून निघालाय.

रोज सकाळी हातोडी घेऊन मास्तरांची गस्त निघे. रुळाच्या प्रत्येक जोडावर एक टोला. नाद खणखणीत आला की पुढे. बद्द आला की तिथेच बसकण, पाना काढायचा, बोल्ट आवळायचा. दोन रुळांच्या टोकांत फट ठेवायची ती ढब्बू पैशाच्या जाडीएवढी. तेवढ्यासाठी एक ढब्बू पैसा ते कमरेला बांधून हिंडत. उन्हाळ्यात लोखंड फुगतं. फट नसली तर रुळाला अंग पसरायला जागा मिळत नाही आणि तो पोक काढून वर येतो. हे मला समजावून सांगताना ते थांबले, तेव्हा आता हे "माणसाचंही तसंच असतं" म्हणणार अशी माझी खात्री झाली. पण नाही. त्यांना माणसांबद्दल बोलायची हौस नव्हती.

रुळांखालच्या लाकडी स्लीपरांना वाळवी लागे, म्हणून उन्हाळ्यात एकेक स्लीपर उपसून त्याला काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचं. त्या तेलाने हातांची सालटं निघत. पावसाळ्यात वडाळ्याच्या खाजणाकडून खेकडे येत आणि खडीखाली बिळं करत. वरून सगळं ठीक दिसे, आणि गाडी आली की त्या जागी रूळ बसे आणि डबे कलंडत. मग खडी उपसा, बीळ शोधा, खेकडा काढा, पुन्हा खडी ठोका. हे काम त्या सावळ्या बाईचं. लाईनही दुरुस्त होई आणि तिचं कालवणही होई.

तिला सगळे मुकादमीण म्हणत. मूळची घाटावरची. तिचा नवरा मास्तरांच्याच ठेसनाकडे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीचा मुकादम होता आणि लाईनीवरच अपघातात गेला होता. मास्तर वाडीत आले तेव्हा तिलाही घेऊन आले आणि विहिरीजवळ खोपटं बांधून दिलं. बाई तोंडाची फटकळ होती. मास्तरांना "सायेब" म्हणे, पण ऐकवायचं ते ऐकवून मग सायेब म्हणे. मास्तर तिला अहोजाहो करत. एवढ्या मोठ्या माणसाने मजुरीच्या बाईला अहोजाहो करावं याची आळीत फार चर्चा होती. काहींनी त्यात नको तो अर्थही काढला होता. मुकादमिणीच्या कानावर ते आलं तेव्हा तिने त्या घरापुढे जाऊन हातातली हातोडी नुसती या हातातून त्या हातात केली. चर्चा संपली.

नवऱ्याची आठवण ती शिव्या घालून काढी. एखादा बोल्ट सैल राहिला की म्हणे, "आमच्या धांदरटानं बसवला असंल!" नवऱ्याला जाऊन कैक वर्षं झाली होती आणि त्याने या वाडीचं तोंडही पाहिलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, मेलेल्या माणसाला कशाला बोलता? तर म्हणाली, "सरकारी कागदावर लिवलंया, चूक त्याचीच व्हती. कुनाला न इचारता रुळावरून ढकलायचा ठेला घिऊन लायनीवर ग्येला. सोता मेला आनि मला ह्ये दावलं."

मास्तर तेव्हा जवळच होते. ते उठून विहिरीकडे गेले.

वाडीतून निघताना बिनदिक्कत "जाते, सायेब" म्हणणारी ती एकटीच होती. "इधवेला काय," ती म्हणे, "जाते म्हनलं तरी कोन आडवनार हाय?"

आमची मंडळी आली ती मार्गशीर्षात. धक्क्यावरून परळला आणता आणता मी तिला अट सांगितली. ती म्हणाली, "मी नाही म्हणायची." दुसऱ्याच दिवशी देवळात जाण्याची वेळ आली. मास्तर ओट्यावर बसलेले. त्या काळी परपुरुषाशी बायका समोरासमोर बोलत नसत, म्हणून ती दाराआड उभी राहिली आणि मला म्हणाली, "सांगा त्यांना, मी देवळात." आणि तिथेच थांबली.

"काय म्हणतात?" मास्तरांनी मला विचारलं. दोघांच्यात तीन हातांचं अंतर होतं, सगळं ऐकू येत होतं.

"देवळात, म्हणते."

"देवळात काय? येते का जाते?"

"त्यांना सांगा, नुसतं देवळात म्हटलं तरी शहाण्या माणसाला कळतं."

"त्यांना सांगा, शहाण्या माणसांनीच आजवर गाड्यांवर गाड्या घातल्यात."

मी आपला दोन्ही बाजूंची तार इकडून तिकडे देत होतो. शेवटी ती काही न बोलता मागच्या दाराने बाहेर पडली, आणि पुढे तीच रीत ठेवली. सौभाग्यवतीने 'जाते' म्हणायचं नाही आणि मास्तरांनी 'येते' ऐकायचं नाही, तडजोड म्हणून मागचं दार. ती अजून मला ऐकवते, "तुमच्या मास्तरांपायी दीड वर्ष मी चोरासारखी घराबाहेर पडले."

फाल्गुनात गाडीला एक खोड लागली. विहिरीकडून येताना फणसाजवळ बारीकसा चढ होता. सकाळी गाडी तो सहज चढे. दुपारी मात्र तिथे आली की चाकं जागच्या जागी गरगर फिरत आणि गाडी हटून बसे. मास्तरांनी त्यात आठवडा घातला. आधी वाफ कमी पडतेय म्हणून झडपा खोलून धुतल्या. मग दट्ट्याला गुंडाळलेली सुतळी बदलली. मग उन्हाने रूळ आत सरकत असतील म्हणून माप लावलं, तर वीत बरोबर होती. मग चाकं काढून तोलून पाहिली. रविवारी मलाही कोट उतरवून गाडी मागून ढकलायला लावली. त्यांच्या रोजनाम्यात रोजची नोंद होती: 'गाडीस दुपारची ग्लानी. कारण कळत नाही.' दवाखान्यातल्या रोग्याबद्दल लिहावं तसं ते लिहीत.

आठव्या दिवशी मुकादमीण चढावर जाऊन उकिडवी बसली. रुळावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"त्याल हाय," ती म्हणाली. "खोबऱ्याचं. त्यात माका घातलाया."

आमच्या दाराआड बांगड्या वाजल्या. दुपारची जेवणं झाली की आमची मंडळी त्या चढावर उन्हात पाठ देऊन बसे आणि केस विंचरी. माक्याचं तेल लावलेले तिचे केस मागे रुळांवर पसरत. एवढ्याशा तेलावरून इंजिनाची चाकं घसरत होती.

मी मान खाली घातली. आता बोलणी बसणार, कदाचित बिऱ्हाडही हलवावं लागणार.  मास्तरांनी चुलीतली राख मागवून रूळ घासून घेतले. दुसऱ्या दिवशी फणसाला पाटी लागली: 'रुळांवर केस वाळवू नयेत. हुकुमावरून.' आणि पाटीपासून चार हातांवर, ऊन जास्त वेळ राहतं अशी जागा बघून, एक नवाकोरा चौरंग ठेवलेला होता.

"वेडे आहेत," ही म्हणाली, "पण भले आहेत." आणि चौरंगावर जाऊन बसली.

त्या माणसाचं खरं दुखणं मला कळलं ते पुढे भाद्रपदात. विहिरीचं पाणी मचूळ. इंजिनाच्या पोटात त्याचे क्षार धरत, आतून चुन्यासारखा थर बसे आणि वाफ धरायला उशीर लागे. त्यावर मास्तरांचा उपाय चिंचेचा. महिन्यातून एका रविवारी बॉयलरमध्ये चिंचेचं पाणी भरायचं, तास-दोन तास उकळायचं आणि सोडून द्यायचं. पितळेची भांडी चिंचेने निघतात तर बॉयलर का निघू नये? निघत असे. आमच्या घरात मात्र त्या रविवारी कुरकूर असायची, कारण मास्तरांची चिंच कमी पडली की ते आमच्या बरणीवर येत.

तर असं ते चिंचेचं पाणी उकळत होतं. मुकादमीण "जाते, सायेब" म्हणून बाजाराला निघून गेली. ती फाटकाबाहेर जाईपर्यंत मास्तर बघत राहिले आणि मग चिंचेचा चोथा पिळता पिळता म्हणाले, "कारकून, या बाईंचा नवरा माझ्यामुळे गेला."

मी हातातली फुंकणी खाली ठेवली.

ते सांगत होते ते थोडक्यात असं. त्या दिवशी मुकादम त्यांच्या खोलीच्या दारात आला होता. पुलाकडे रुळांवरचा ठेला घेऊन जायला लाईन मोकळी आहे का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मास्तर तारयंत्रावर होते. पलीकडच्या ठेसनाचा संदेश येत होता, तो कळला म्हणून त्यांनी मान हलवली. मुकादमाला वाटलं, आपल्यालाच होकार दिला. तो म्हणाला, "येतो, साहेब." आणि गेला.

"मी मान वरही केली नाही," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, आत्ता काम चाललंय म्हणून थोड्या वेळाने येतो म्हणतोय. आला की सांगू. आणि मी पलीकडच्या मालगाडीला लाईन दिली."

चौकशी झाली. तेव्हा दारात उभ्या असलेल्या रेल्वेच्या खलाशाने साक्ष दिली की मुकादम 'येतो' म्हणाला. दुभाष्याने त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं: मी परत येतो, असं म्हणाला. सायबाने मास्तरांना विचारलं, हे बरोबर आहे? मास्तर म्हणाले, येस सर. सायबाने लिहिलं की परत येतो असं सांगून मुकादम परत आलाच नाही, परवानगीवाचून लाईनीवर गेला, दोष त्याचा. त्या कागदामुळे बाईला रेल्वेकडून काही मिळालं नाही.

"मी मराठी आईच्या पोटी जन्मलो," मास्तर म्हणाले. "येतो म्हणजे काय, ते मला कळत नव्हतं? तोपर्यंत चांगलं कळलं होतं. माणूस निरोप घेऊन गेला होता. पण शब्दाला शब्द बरोबर होता, आणि त्यात मी वाचत होतो. मी गप्प बसलो."

"त्यांना ठाऊक आहे?"

"नाही. प्रत्येक सणाला ठरवतो, एवढा सण होऊ दे, मग सांगू." त्यांनी चोथा लांब फेकला. "त्या त्याला धांदरट म्हणतात, तेव्हा मला वाटतं त्या मलाच म्हणतायत. आणि मी ते ऐकून घेतो, बस्स. तेवढंच करतो."

मला त्यांचा राग आला, हे कबूल केलं पाहिजे. ढब्बू पैशाएवढ्या फटीसाठी उन्हात तासन्‌तास बसणारा माणूस, आणि एवढी मोठी गोष्ट अशी लोंबकळत ठेवलेली! पण त्यांच्या चिंचेने पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे बघवत नव्हतं, आणि रागाच्या मागोमाग मला त्यांची फार दया आली. मी फुंकणी उचलून पुन्हा जाळ फुंकू लागलो. घरी हिला मात्र सांगितलं. पोटात ठेवायला मी काही बॉयलर नव्हतो.

हिने निवडायच्या तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आणि त्या रोज त्याला शिव्या घालतात."

दसरा झाला, दिवाळी झाली, संक्रांतही झाली. दर सणाला मी मास्तरांकडे बघे आणि ते माझ्याकडे बघायचं टाळत. गाडी चालू होती. शिमग्याला तर मुकादमिणीने इंजिनाला गुलाल लावला आणि मास्तरांनी तो दोन दिवस पुसला नाही.

वैशाखात हिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि पावसाळ्याने बोटी बंद व्हायच्या आत राजापूर गाठायला हवं, म्हणून तिचा भाऊ न्यायला आला. घोडागाडी फाटकाशी उभी, ट्रंक चढवलेली. मला वाटलं, ही नेहमीप्रमाणे मागच्या दाराने निघेल. मास्तरांनाही तसंच वाटलं असावं. ते सांध्याशी काही तरी करत बसल्याचं निमित्त करून वाटेत थांबले होते. त्यांनी तिच्यासाठी पाडाचे आंबे काढून ठेवले होते. मुकादमीण डोक्यावर खडीचं घमेलं घेऊन शेजारी उभी होती.

ही पुढच्या दाराने बाहेर आली. दाराआड थांबली नाही. पदर सावरून रुळांपाशी आली, मास्तरांसमोर उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता थेट त्यांना म्हणाली, "मास्तर, येते मी."

मास्तरांच्या हातातला पाना खडीवर पडला.

"सूनबाई..."

"'जाते' म्हणून मी बाळंतपणाला निघणार नाही. आणि तुम्हाला 'येते' का ऐकवत नाही, ते मला यांनी सांगितलंय." तिने मुकादमिणीकडे पाहिलं. "माझं काय होईल ते देवाला ठाऊक. पण परत आल्यावर त्या मेलेल्या माणसाला घातलेल्या शिव्या मी पुन्हा ऐकणार नाही. तुम्ही आत्ता सांगा यांना. मी इथे उभी आहे."

"काय सांगायचं?" मुकादमीण म्हणाली. "कुनाला?"

मला वाटलं, मास्तर विहिरीकडे चालू लागतील. ते गेले नाहीत. उभे राहिले, कोटाची वरची दोन बटणं लावली, आणि साक्ष द्यावी तसं सगळं सांगितलं. दारात आलेला मुकादम, हललेली मान, मालगाडी. मग दुभाष्या, सायेब आणि येस सर. कुठे अडखळले नाहीत. मनातल्या मनात किती वेळा ते त्यांनी म्हणून ठेवलं होतं कोण जाणे.

"कागदावर आहे ते खोटं आहे, बाई," ते शेवटी म्हणाले. "तो विचारायला आला होता. निरोप घेऊन गेला. चूक त्याची नव्हती."

मुकादमिणीच्या डोक्यावर घमेलं तसंच होतं. ती ते त्यांच्या अंगावर टाकील म्हणून मी पुढे सरकलो. तिने ते हळू खाली ठेवलं.

"म्हंजी त्ये येतो म्हनले व्हते?"

"हो."

"तुमास्नी?"

"हो, मला."

ती तिथेच स्लीपरावर बसली. तिचे दोन्ही हात खडीत रुतले.

"सायबाम्होरं गप बसलात, त्ये लई वंगाळ केलंत," ती म्हणाली. "त्याचं मी मागनं बोलंन तुमच्याशी. सोडनार न्हाई. पर आदी मला ह्ये सांगा. कसं म्हनले?"

"कसं म्हणजे?"

"त्या दिशी सकाळी आमचं भांडान झालं व्हतं. भाकर तव्यावर सोडून उठले आनि चालू लागले. येतो म्हनले न्हाईत. जल्मात पयल्यांदा. मी बी हाक मारली न्हाई." तिने नाक पदराला पुसलं. "येतो म्हनले न्हाईत म्हून आले न्हाईत, असं धरून बसले मी एवडी वरसं. वरून कागद आला, चूक त्येंचीच. मंग काय, शिव्या घातल्या. शिव्या घातल्या म्हंजी रडू येत न्हाई." ती मास्तरांकडे वर बघू लागली. "रागात व्हते का?"

बाहेर माझा मेव्हणा बोट चुकेल म्हणून ओरडत होता. हिने हात करून त्याला गप्प केलं.

"मी मान वर केली नाही, बाई," मास्तर म्हणाले. "चेहरा पाहिला नाही, तो सांगता येणार नाही. आवाज ऐकला. आवाजात राग नव्हता."

"म्हनून दावा."

 मास्तरांनी घसा खाकरला. मग एका पायावर भार देऊन, दाराच्या चौकटीशी उभा असलेला माणूस उभा राहतो तसे ते उभे राहिले आणि त्यांचा नव्हे अशा, जरा मोकळ्या, घाटी आवाजात म्हणाले, "येतो, सायेब."

मुकादमिणीने डोळे मिटून घेतले.

"पुन्यांदा म्हना," ती म्हणाली.